लाडक्या पुस्तकाचा चाहता-अंक: घडीपासून दोऱ्यापर्यंत

एखाद्या कादंबरीचं किंवा चित्रकथेचं वेड लागलेली चार माणसं एकत्र आली की ‘आपण अंक काढू या’ ही टूम निघतेच. उत्साह शाबूत असूनही असे अंक मध्येच अडतात, कारण पानांचा हिशोब कुणी केलेला नसतो. आधी सगळ्यांकडून मजकूर गोळा होतो, तो भरतो चाळीस पानांचा, चित्रं उभी-आडवी-चौकोनी कशीही येतात, आणि मग हे सगळं बसवायचं कशात याची चर्चा सुरू होते. क्रम उलटा ठेवा: आधी कागद, मग पानं, मजकूर सगळ्यांत शेवटी. कुठल्या पानावर किती शब्द मावतात हे माहीत असलं की लिहिणाऱ्यालाही सोपं जातं आणि संपादकाला कुणाचा लेख कापून वाईट व्हावं लागत नाही.

एका कागदाची आठ पानं

पहिला अंक एका ए४ कागदाचाच करा. हा कागद २१० × २९७ मिमी असतो. त्यातून साधारण ७४ × १०५ मिमीची, खिशात मावणारी आठ पानं निघतात. पिन नको, दोरा नको, पाठपोट छपाईही नको. कागद ७० ते ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला इतक्या ग्रॅम वजनाचा) घ्या. १०० च्या वर गेलात तर शेवटच्या घडीला कोपरे फुगतात आणि अंक नीट मिटतच नाही.

कागद आडवा ठेवा. लांब कडेवर लांब कड आणून दुमडा, उघडा. आखूड कडेवर आखूड कड आणून दुमडा, उघडा. मग दोन्ही आखूड कडा मधल्या घडीपर्यंत आणून दुमडा आणि पुन्हा उघडा. आता वर चार, खाली चार असे आठ चौकोन दिसतील. परत एकदा आखूड कडेवर आखूड कड ठेवून दुमडा आणि बंद बाजूकडून, मधल्या आडव्या घडीवरून कात्री चालवा, पण पहिली उभी घडी आली की थांबा. उघडल्यावर कागदाच्या मधोमध दोन चौकोनांच्या रुंदीची, सुमारे १४८ मिमीची चीर दिसली पाहिजे. उघड्या बाजूकडून कापलं तर चीर मधोमध न पडता दोन्ही टोकांना पडते आणि कागद वाया जातो. नव्या माणसाची सर्वांत जास्त होणारी चूक हीच. शेवटी छापील बाजू बाहेर ठेवून लांब कडेवर लांब कड दुमडा, दोन्ही टोकं धरून आतल्या बाजूला ढकला. चीर उघडते आणि वरून पाहिलं तर अधिकचिन्हासारखा आकार होतो. चारही पाती एका दिशेला मिटवली की अंक झाला.

पानांची जागा ठरलेली आहे. कागद आडवा, छापायची बाजू वर. खालच्या ओळीत डावीकडून उजवीकडे ६, ७, ८, १ ही पानं सरळ. वरच्या ओळीत डावीकडून उजवीकडे ५, ४, ३, २ ही पानं डोकं खाली करून. १ म्हणजे मुखपृष्ठ, ८ म्हणजे मलपृष्ठ. या मांडणीची गंमत अशी की २-३, ४-५ आणि ६-७ या तिन्ही जोड्या कागदावरही शेजारी-शेजारीच येतात, त्यामुळे दोन पानांवर पसरलेलं चित्र बिनधास्त सलग काढता येतं. कागदाची मागची बाजू कोरी राहते. तिथे पूर्ण ए४ मापाचं एक पोस्टर टाका; वाचणाऱ्याने घड्या उलगडल्या की ते हाती लागतं.

इतक्या छोट्या पानावर ९ पॉइंटच्या छापील अक्षरात साठ ते ऐंशी शब्द मावतात, हाताने लिहिलं तर पस्तीस-चाळीस. म्हणजे अख्ख्या अंकात एखाद्या लांबलचक परिच्छेदाहून फार जास्त मजकूर नाही. एकच विषय धरा: एका पात्राच्या सगळ्या टोप्या, सात वाईट सल्ले, कादंबरीत न घडलेली एक भेट. छापताना प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ‘फिट टू पेज’ बंद करून १०० टक्के ठेवा, नाहीतर छपाई आकसते आणि घड्या चौकटींवर येत नाहीत. घरच्या प्रिंटरला कागदाच्या कडेची चार-पाच मिमी पट्टी छापता येत नाही, म्हणून बाहेरच्या कडांना ७ मिमी समास सोडा.

सोळा पानांचा हिशोब

दोन-तीन छोटे अंक झाले की ए५चा, मधोमध पिन मारलेला अंक घ्या. ए४ कागद अर्धा दुमडला की १४८ × २१० मिमीची चार पानं होतात, म्हणून पानांची संख्या चारच्या पटीतच हवी. चौदा पानांचा अंक असं काही नसतं. तो सोळाचा असतो आणि दोन पानं कोरी जातात. सोळा पानं म्हणजे चार कागद. सुरुवातीला ह्यापेक्षा मोठा घाट घालू नका.

मजकूर मागवण्याआधी डमी करा. चार कोरे कागद एकात एक घालून दुमडा, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने १ ते १६ आकडे टाका आणि मग कागद सुटे करा. कुठलं पान कुठल्या पानाशेजारी छापायचं, हे जुळणीचं कोडं आपोआप सुटतं. पहिल्या कागदाच्या एका बाजूला १६ आणि १, मागे २ आणि १५. दुसऱ्यावर १४ आणि ३, मागे ४ आणि १३. तिसऱ्यावर १२ आणि ५, मागे ६ आणि ११. चौथ्यावर १० आणि ७, मागे ८ आणि ९. शेजारच्या दोन पानांची बेरीज कायम सतरा येते, म्हणजे एकूण पानांहून एक जास्त. वीस पानी अंकात ती एकवीस येईल. कुठेही बेरीज चुकली तर छापायला जाऊ नका.

डमीत आणखी एक गोष्ट दिसते. समोरासमोरची दोन पानं एकाच कागदावर येण्याची जागा अंकात एकच: मधलं जोडपान, ८-९. बाकी सगळ्या जोड्या दोन वेगळ्या कागदांवर छापल्या जातात आणि घडीत मिलिमीटरभर वरखाली होतातच. तेव्हा दोन पानांवरचं मोठं चित्र मध्यावर ठेवा. ४-५ वर ठेवायचंच असेल तर निदान कुणाचा चेहरा घडीवर येऊ देऊ नका, नाकाचे दोन भाग होतात.

ए५ पानावर ११ पॉइंट अक्षर, ओळींमधलं अंतर १६ पॉइंट, घडीकडे १८ मिमी आणि बाहेर १५ मिमी समास ठेवला तर २२० ते २५० मराठी शब्द बसतात. चित्रं, शीर्षकं, मुखपृष्ठ वजा जाता सोळा पानांत दीड-दोन हजार शब्दांचाच मजकूर राहतो. हा आकडा लेखकांना पहिल्या दिवशी सांगा, आणि ‘थोडं मोठं झालंय’ म्हणत आलेला लेख परत पाठवा. अक्षर बारीक करून तो बसवला की सगळा अंक वाचायला त्रासदायक होतो.

एक चालणारी वाटणी अशी: २ वर श्रेयनामावली आणि कुठल्या मजकुरात कथानक फुटतं त्याची सूचना, ३ वर अनुक्रमणिका, ४-५ वर लेख, ६-७ वर चित्रकथा, ८-९ वर नकाशा किंवा वंशावळ, १० ते १२ कथा, १३-१४ वर विनोद, १५ वर कोडं, आणि कोड्याची उत्तरं मलपृष्ठावर उलटी छापून. संपादकीय पाहिजेच असेल तर अनुक्रमणिकेखाली सहा ओळींत आटपा.

आत काय घालायचं

‘हे पुस्तक मला का आवडतं’ हा लेख घेऊ नका. वाचणारे सगळे आधीच त्या पुस्तकाच्या प्रेमात आहेत. त्यांना पटवून काय सांगणार? लेखाला एकच प्रश्न द्या, आणि तो असा की उत्तर पुस्तकात शोधावं लागेल. खलनायक एकदाही जेवताना का दिसत नाही? पाऊस कुठल्या प्रकरणांत पडतो आणि त्यानंतर काय घडतं? कोण कुणाला अहो-जाहो करतं आणि ते कधी सुटतं? त्यासाठी पुस्तक पुन्हा वाचताना तीन रंगांच्या चिठ्ठ्या घ्या: एक प्रश्नाला धरून असलेल्या जागांसाठी, एक विरुद्ध जाणाऱ्या जागांसाठी, एक नुसत्या मजेशीर जागांसाठी. विरुद्ध जाणाऱ्या चिठ्ठ्या लेखात आल्याच पाहिजेत, कारण वाचकाला त्या पाठ असतात आणि तो तिथेच पकडतो. उतारे दोन-चार ओळींचे, शब्द न् शब्द तपासून. पान क्रमांकाऐवजी प्रकरण क्रमांक द्या, आवृत्ती बदलली की पानं बदलतात.

मधल्या जोडपानासाठी नकाशासारखं दुसरं काही नाही, विशेषतः मूळ पुस्तकात तो नसेल तर. वहीत पाच रकाने आखा: प्रकरण, कुठून, कुठे, दिशा, किती वेळ. प्रवासाचा प्रत्येक उल्लेख नोंदवा. वेळाचं अंतर करताना सपाटीवर पायी तासाला ४ ते ५ किमी धरा, ओझं घेऊन चालणाऱ्याला दिवसाला पंचवीसेक, चढणीवर त्याच्या निम्मं. मग प्रमाण ठरवा, समजा १ सेंमी म्हणजे ५ किमी. ज्या ठिकाणाचा उल्लेख सर्वांत जास्त आहे ते मध्याच्या थोडं बाजूला मांडा, दुसरं ठिकाण दिशा आणि अंतर पाहून. तिसरं ठिकाण या दोन्हींपासून किती लांब आहे हे ठाऊक असेल तर कंपासने दोन चाप काढा. ते जिथे छेदतात तिथे ते गाव. चाप दोन ठिकाणी छेदतात, त्यांतलं खरं कुठलं ते दिशेच्या उल्लेखावरून कळतं. चाप छेदलेच नाहीत तर घोळ लेखकाचा आहे. तो दुरुस्त करू नका! तुटक रेषेचा रस्ता काढा आणि बाजूला बारीक अक्षरात लिहा: ‘इथून पुढे वाट लेखकाच्या सोयीने.’ नकाशावर लोक सर्वांत जास्त वेळ रेंगाळतात ते अशाच जागी. घडीच्या दोन्ही बाजूंना ५ मिमी पट्टीत एकही नाव लिहू नका, आणि पिना कुठे येणार ते आधी पेन्सिलीने खुणावून तिथली गावं सरकवा.

आता विनोद. चाहत्यांच्या अंकातला विनोद पुस्तकातल्या एखाद्या ठोस तपशिलावर उभा असला तरच जमतो. नुसती पात्रं विचित्र वागवली की ती कुणाचीही पात्रं होतात. सगळ्यांत सोपी युक्ती म्हणजे रोजच्या कागदपत्रांचा साचा घ्यायचा आणि तो शेवटपर्यंत गंभीर चेहऱ्याने पाळायचा. हरवल्याची जाहिरात घ्या:

‘हरवली आहे: पहिल्या प्रकरणातील काळी छत्री. तिसऱ्या प्रकरणानंतर दिसलेली नाही. शोधून देणाऱ्यास लेखकाकडून कोणतेही स्पष्टीकरण मिळणार नाही.’

किंवा शुद्धिपत्र: ‘पान ८४ वर “तो कायमचा निघून गेला” असे छापले आहे. ते “पान ९१ पर्यंत निघून गेला” असे वाचावे.’ किंवा दुय्यम पात्राचा रजेचा अर्ज: ‘बाराव्या प्रकरणात माझा मृत्यू असल्याने त्यापुढे कामावर हजर राहता येणार नाही. पूर्वस्मृतीच्या प्रसंगांसाठी आगाऊ कळवल्यास येईन.’ भाषा साच्याचीच राहिली पाहिजे. अर्जात मध्येच ‘हाहा’ किंवा तीन उद्गारचिन्हं आली की फुगा फुटला. लिहून झालं की शेवटचं वाक्य झाकून वाचा. दहांतल्या सात वेळा ते विनोद समजावून सांगणारं असतं आणि उडवलेलं बरं. चेष्टा कथानकातल्या गाठींची, लेखकाच्या सवयींची, स्वतःच्या वेडाची करा. दुसऱ्या पुस्तकाच्या चाहत्यांची टर उडवणारा मजकूर छापताना फार भारी वाटतो, आणि सहा महिन्यांनी तोच अंकातला सर्वांत शिळा भाग असतो.

चाहत्याने लिहिलेल्या कथेला तीन पानं पुरेत, म्हणजे सहाएकशे शब्द. एवढ्यात एकच प्रसंग मावतो: दोन प्रकरणांच्या मधली रात्र, न पाठवलेलं पत्र. नवं पात्र आणू नका, त्याची ओळख करून देण्यातच पहिलं पान जातं.

चित्रं आणि अक्षरं

चित्र छापायच्या मापापेक्षा मोठं काढा. ए५ पानासाठी ए४ वर काढलं की ते ७१ टक्क्यांवर लहान करून बरोबर बसतं आणि हाताची थरथर झाकली जाते. मात्र रेषाही त्याच प्रमाणात बारीक होते: ०.३ मिमीची रेषा ०.२ वर येते आणि झेरॉक्समध्ये तुटायला लागते. म्हणून मुख्य रेषांना ०.५, बाह्यरेषेला ०.८ चं पेन. छटेसाठी पेन्सिलीचा करडा रंग घासू नका. झेरॉक्स यंत्र त्याचे डाग करतं. रेघा-रेघांची छटा द्या आणि दोन रेघांत निदान १ मिमी जागा सोडा, नाहीतर लहान होताना त्या चिकटून काळा पट्टा दिसतो. मोठा भरीव काळा भागही टाळा, झेरॉक्समध्ये तो मधोमध पांढुरका पडतो.

स्कॅन करताना निव्वळ रेषांचं चित्र ६०० डीपीआय (म्हणजे इंचाला इतके ठिपके), करड्या छटांचं ३००. फोनने फोटो काढून भागवू नका; कोपरे वाकतात आणि एका बाजूला सावली येते. हाताने कापून चिकटवून पान जुळवत असाल तर डिंक नको, ग्लूस्टिक वापरा. ओल्या डिंकाने कागद सुरकुततो आणि प्रत्येक सुरकुती छापून येते. चिकटवलेल्या कपट्याच्या कडांची बारीक काळी रेघ उमटली तर मूळ पानावर त्या कडेवरून व्हाइटनर फिरवा.

चित्रकथेच्या फुग्यांत देवनागरीला रोमनपेक्षा जास्त उभी जागा लागते, हे विसरलं की वेलांट्या आणि उकार एकमेकांत घुसतात. शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत ४ मिमी धरलं तर दोन ओळींच्या मध्येही जवळपास तेवढीच मोकळी जागा सोडा. क्रम असा ठेवा: पेन्सिलीने शब्द आधी, भोवती फुगा मग, आणि चित्र उरलेल्या जागेत. उलट केलं तर शेवटचा शब्द हमखास फुग्याच्या पोटाला टेकतो. ए५ पानावर चार चौकटी, चौकटींमध्ये ४-५ मिमी अंतर, आणि एका चौकटीत वीस शब्दांच्या वर नको.

संगणकावर जुळणी करणार असाल तर युनिकोड फाँटच घ्या. ‘मुक्त’ मजकुराला चांगला चालतो, ‘बालू’ शीर्षकाला, ‘कलम’ हाताने लिहिल्यासारखा दिसतो. तिन्ही मोफत आणि खुल्या परवान्याचे आहेत. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधून बदलून घेतलेल्या मजकुरात चुका ठरावीक जागी होतात: ऱ्या आणि ऱ्हा, रफार, श्र, त्त, ॲ आणि ऑ. तेवढे शोधून एकेक तपासा. छापायला नेहमी फाँट समाविष्ट केलेली पीडीएफ न्या. वर्डची फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की फाँट बदलतो, ओळी सरकतात आणि सोळा पानांचा अंक सतरावर जातो.

मुद्रितशोधन कागदावर, खऱ्या मापात छापून करा, आणि ज्याने लिहिलं त्याने नको. पात्रांच्या नावांची यादी शेजारी ठेवा. शुद्धलेखनाची चूक चाहता पोटात घालतो, लाडक्या पात्राचं नाव चुकलेलं नाही.

छपाई आणि बांधणी

आडव्या ए४ वर दोन-दोन पानं पाठपोट छापताना कागद आखूड कडेवरून उलटायचा पर्याय निवडा. लांब कडेचा निवडला तर मागची सगळी पानं उलटी येतात. पीडीएफ वाचकात पुस्तिका छापायची सोय असेल तर जुळणी तोच करतो, पण मग तुमची फाइल १, २, ३ अशा साध्या क्रमाची हवी. आधीच जुळवलेली फाइल तिथे टाकली तर दोनदा जुळणी होऊन सगळा खिचडा होतो. एक प्रत पूर्ण छापा, दुमडा, पिन मारा, पानं उलटून पाहा, मगच बाकीच्या. तीस प्रतींना एकशेवीस कागद लागतात. वाया जाणारे धरून एकशेतीस घ्या.

मुखपृष्ठ जाड हवं असेल तर २०० ते २५० जीएसएमचा वेगळा कागद घाला, तो सोळाखेरीज चार पानं देतो. जाड कागद तंतूंच्या दिशेला आडवा दुमडला की घडीवर तडकतो आणि छापलेली शाई सुटते. दिशा ओळखायला कागद न मोडता दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहा. ज्या बाजूने सहज वाकतो ती घडी तंतूंना समांतर. बाजारातल्या ए४ मध्ये तंतू बहुधा लांब बाजूला धावतात, म्हणजे ए५ची घडी आडवीच पडते. उपाय सोपा: स्टीलची पट्टी धरून, शाई संपलेल्या बॉलपेनने घडीच्या जागी दोनदा रेघ ओढा आणि मग दुमडा.

आतले चार कागद एकत्र दुमडता येतात. सहाच्या वर असतील तर दोन-दोन, तीन-तीन दुमडून एकात एक घाला. घडी मधून कडेकडे दाबत जा. आतले कागद बाहेरच्यांपेक्षा थोडे पुढे येणारच. सोळा पानांत ते कळतही नाही, पण चाळीस पानांत आतलं पान मिलिमीटरभर बाहेर सरकतं, म्हणून पान क्रमांक बाहेरच्या कडेला अगदी चिकटून ठेवू नका.

पिन: साध्या स्टेपलरचा हात घडीपर्यंत पोचत नाही, कारण ए४ च्या कडेपासून घडी १४८ मिमीवर असते. स्टेपलरचं तोंड पूर्ण उघडा, अंक पालथा उघडून जाड पुठ्ठ्यावर ठेवा, घडीवर वरून पिन दाबा, पुठ्ठ्यातून हलकेच उचला आणि आतल्या बाजूला आलेले पाय चमच्याच्या पाठीने दुमडा. २४/६ मापाची पिन पुरते. दोन पिना, वरून आणि खालून प्रत्येकी ५० ते ५५ मिमीवर. पिन घडीवरच पडली पाहिजे. दोन मिमी इकडे-तिकडे झाली तर अंक कायम वाकडा मिटतो.

दोऱ्याची शिवण जास्त देखणी आणि गंजतही नाही. अंक उघडून घडीत तीन भोकं पाडा: वरून ३५, १०५ आणि १७५ मिमीवर. पुठ्ठ्याच्या पट्टीवर या खुणा एकदाच करून ठेवा म्हणजे सगळ्या प्रती सारख्या होतात. भोकं टाचणीने नकोत, जाड सुईने किंवा टोच्याने, आतून बाहेर. दोरा अंकाच्या उंचीच्या अडीच पट, म्हणजे ५५ सेंमी. मेणबत्तीवरून दोनदा ओढला की गुंतत नाही. मधल्या भोकातून आतून बाहेर या, आठ-दहा सेंमी शेपूट आत सोडा. वरच्या भोकातून आत, मधलं भोक ओलांडून थेट खालच्या भोकातून बाहेर, आणि शेवटी मधल्या भोकातून परत आत. आता दोन्ही टोकं आत आहेत. ती आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन त्यावर दुहेरी गाठ मारा आणि सेंटिमीटरभर ठेवून कापा. मधल्या भोकातून परत येताना सुई आधीच्या दोऱ्यात रुतली तर दोरा ओढताच येत नाही, म्हणून आधीचा दोरा बोटाने बाजूला धरा. ताण घडीच्या दिशेने द्या. कागदापासून वर खेचलात तर भोक फाटून चीर पडते.

तयार प्रती रात्रभर जाडजूड पुस्तकांखाली दाबून ठेवा. कडा सरळ हव्या असतील तर कटरला नवं पातं, स्टीलची पट्टी आणि चार-पाच हलके हात. एकाच जोरात कापायला गेलं की पट्टी घसरते आणि बोट मधे येतं.

हक्क आणि परवानग्या

दुसऱ्याच्या पात्रांवर लिहिलेली कथा किंवा काढलेलं चित्र फुकट वाटलं म्हणून हक्काचा प्रश्न आपोआप सुटत नाही. ‘अनधिकृत अंक’ असं छापणं योग्यच, पण ती परवानगी नव्हे. प्रताधिकार लेखकाच्या मृत्यूनंतर भारतात ६० वर्षं, अनेक देशांत ७० वर्षं चालतो. त्यापलीकडचं साहित्य मोकळं असतं, पण त्याचा अलीकडचा अनुवाद किंवा त्यावरचा चित्रपट मोकळा असेलच असं नाही. मुखपृष्ठांचे स्कॅन आणि चित्रपटातली छायाचित्रं वापरू नका, चित्रं स्वतः काढा. काही लेखक चाहत्यांच्या लेखनाबद्दल आपलं धोरण जाहीर करतात, ते आधी पाहा. ज्यांनी अंकासाठी लिहिलं-रेखाटलं त्यांच्याकडून एका ओळीची लेखी संमती घ्या: छापील अंकात, की पीडीएफमध्येही? पुनर्मुद्रणात चालेल का? नावं कशी छापायची तेही विचारा, टोपणनाव हवं असणारे बरेच असतात.

पीडीएफ वाटणार असाल तर तिची फाइल वेगळी करा: सुटी पानं, साध्या क्रमाने, फक्त ८-९ एकत्र जोडून. छपाईसाठी जुळवलेली फाइल तशीच पाठवली तर पहिल्याच पडद्यावर १६ आणि १ शेजारी येतात, आणि मुखपृष्ठ पाहण्याआधी कोड्याची उत्तरं दिसतात.